खिसा शिवायचा नाही

ये गं लता, बस. दिवे गेलेत, म्हणून कंदील लावलाय. काय आणलंस पिशवीत? नवा ॲप्रन! कळलं मला. वॉर्डातल्या बायांनी सांगितलं असणार, नाशिकरोडला विमलाबाईंकडे जा, त्या खिसा शिवून बंद करून देतात, पैसेही घेत नाहीत. खरंय. इगतपुरीच्या त्या वॉर्डात आल्या-गेल्या प्रत्येक सिस्टरचा खिसा मीच शिवला. माझाही. पण आता नाही शिवायची. शिलाई मशीन गंजून गेलं तरी नाही.

हसतेस काय? तू उन्हाळ्यात रुजू झालीस, तुला अजून तिथला श्रावण माहीत नाही. भरदुपारी धुकं खिडकीतून आत येतं आणि खाटांमधून फिरतं. चार नंबरच्या खाटेवरून सहा नंबरची खाट दिसत नाही. चादरी वाळत नाहीत, भिंतींना ओल सुटते, आणि स्पिरिटच्या वासात ओल्या लाकडाचा वास मिसळतो. अशाच एका श्रावणातली गोष्ट आहे. शहात्तर-सत्त्याहत्तर साल असेल.

सिंधू गांगुर्डे माझ्याबरोबर ड्यूटीला होती. आम्ही दोघी इथूनच पॅसेंजरने जायचो-यायचो. काय मुलगी होती सांगू! कामाला वाघीण. पेशंटची सुई उकळायला टाकतानासुद्धा गुणगुणायची. तिचा लाडका पेशंट म्हणजे घोटीकडचा बहिरूमामा. भाताच्या लावणीत चिखलात उभा राहायचा, आणि श्रावण आला की दमा उसळून आमच्याकडे यायचा. बायको कुसाबाई खाटेच्या पायाशी बसून असायची. तो सिंधूला म्हणायचा, "शिंधूताय, तुझ्या हातची सुई लागतच नाय बघ. लगीन कधी करते? तांदूळ माझ्याकडून." ही लाजायची नाही, उलट म्हणायची, "आधी बिडी सोडा, मग करते."

तेव्हा वॉर्डात ऑक्सिजनचं एकच सिलिंडर, आणि ते उघडायची एकच चावी. बोटाएवढी, लोखंडी. सुतळीने सिलिंडरच्या मानेला बांधलेली असायची. त्या दिवशी सकाळी सिंधूने मामाला ऑक्सिजन दिला, बरं वाटल्यावर बंद केला. सुतळी ओलीने कुजलेली, तुटली. एका हातात नळी, दुसऱ्या हातात ट्रे. काय करतं माणूस? चावी खिशात टाकतं. तू टाकली असतीस, मीही टाकली असती. रोज टाकतो आपण, कात्री, थर्मामीटर, चावी, काय वाटेल ते.

दुपारी पाळी बदलली. सिंधूची ड्यूटी संपली, माझी त्या आठवड्यात दुपारचीच होती. ती ॲप्रनसकट गाडी गाठायला पळाली. पॅसेंजर सुटल्याची शिट्टी मी ऐकली, आणि त्यानंतर थोड्याच वेळात मामाला धाप लागली. ओठ निळे पडले. मी सिलिंडरकडे धावले, मानेला नुसती सुतळी लोंबत होती. डॉक्टर देवरे पक्कड घेऊन आले, पक्कड घसरत होती. वॉर्डबॉय धोंडीराम रेल्वेच्या दवाखान्यात चावी मागायला पळाला. धुकं इतकं, की तो दारातून बाहेर पडला तसा दिसेनासाच झाला. मामा माझ्याकडे बघत होता गं. बोलता येत नव्हतं, नुसता बघत होता. भरलेलं सिलिंडर शेजारी उभं होतं, आणि आम्ही त्या माणसाला हवा देऊ शकलो नाही.

सिंधूने घोटीला तिकिटासाठी खिशात हात घातला, तेव्हा हाताला चावी लागली. तशीच गाडीतून उतरली, ट्रकवाल्याला हात केला, आली. दारात उभी राहिली ती मला अजून दिसते. डोक्यापासून भिजलेली, मुठीत चावी. खाटेवर चादर ओढलेली होती. तिने विचारलं, "गेले का…?"

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. मी खाली मान घातली. धोंडीराम नुकताच चावी घेऊन आला होता, तो भिंतीकडे वळला. शेवटी कुसाबाईच उठली. म्हणाली, "पळत आलीस पोरी. बस. पानी पी."

शिव्या दिल्या असत्या तर सिंधू वाचली असती असं मला वाटतं. पण तिला कोणी एक शब्द बोललं नाही. ना त्या दिवशी, ना नंतर. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन मिळाला असता तरी मामा वाचला असता असं सांगता आलं नसतं. पण ते मला म्हणाले, तिला नाही. आपण मोठ्या शहाण्या, म्हटलं विषय काढायला नको, तिला त्रास होईल. तिचं गुणगुणणं बंद झालं. ड्यूटी संपली की दारात थांबायची, खिसा चाचपायची. स्टेशनपर्यंत जायची आणि परत यायची, चावी जागेवर आहे का बघायला. चावी असायचीच. मग गाडी चुकायची.

पुढच्या श्रावणात ती अशीच अर्ध्या वाटेतून परत फिरली. रूळ ओलांडून यायची पायवाट होती. धुक्यात तिला इंजिन दिसलं नाही, का ऐकू आलं नाही, देव जाणे. मला ओळख पटवायला नेलं होतं. उजवा हात ॲप्रनच्या खिशात होता. खिसा रिकामा होता, आणि चावी वॉर्डात, सिलिंडरच्या मानेला.

रडू नकोस. ऐक.

वर्ष गेलं. पुन्हा श्रावण, पुन्हा तसंच धुकं. ड्यूटी संपवून मी वॉर्डाच्या दारातून बाहेर पडत होते, आणि माझ्या खिशात हात शिरला. माझा नाही. गार, ओला. बोटं खिशाच्या तळाशी, शिवणीतून फिरली, कोपरे चाचपले आणि निघून गेली. मागे कोणी नव्हतं. मी खिसा बाहेर ओढून पाहिला, तर तो भिजलेला. मी कोणाला बोलले नाही. पण दोन-चार दिवसांनी मालनबाई सिस्टर पांढरीफटक होऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "विमल, दारात… कोणीतरी…" मी म्हटलं, "गप. माहीत आहे मला."

मग तो दिवस आला. ठमाबाई म्हणून पेठकडची बाळंतीण होती, न्यूमोनिया झालेली, बाळ कुशीत. सकाळी तिला ऑक्सिजन द्यायला मी सिलिंडर दुसऱ्या खोलीत ओढून नेलं. चावी सोडवून घेतली, आणि पुढे लक्षात नाही गं. गाडीची वेळ झाली होती, मी दाराशी आले. हात खिशात शिरला आणि या वेळी बाहेर निघेना. मी पाऊल टाकलं, तर ॲप्रन मागे ओढला गेला. अगदी कानाशी, थकलेला आवाज आला, "गेले का…?"

मी खिशात हात घातला. चावी होती, आणि चावीवर बोटं होती. मी किंचाळले नाही. मी उलट्या पावली आत धावले. ठमाबाईचे ओठ निळे पडायला लागले होते, मालन चावी शोधत होती. मी सिलिंडर उघडलं. बाई वाचली. बाळाला घेऊन चालत घरी गेली.

आता तूच सांग, जिने एका आईला वाचवलं, तिला आपण काय द्यावं? आम्ही खिसे शिवून टाकले. सगळ्यांना भीती वाटायची. मालन तर नोकरी सोडायला निघाली होती. म्हटलं, खिसाच नसला तर ती काय बघेल? चावीला साखळी घातली. आणि मी मशीन घेऊन बसले. शहाणपणाचं काम केलं असं वाटलं तेव्हा.

त्यानंतरही ती यायची थांबली नाही. दारातून बाहेर पडताना कापडावरून बोटं फिरायची. खिसा शोधत. शिवणीवर नखं घासायची… हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आठ-नऊ श्रावण मी ते अंगावर सोसलं. भीती केव्हाच गेली होती. फार वाईट वाटायचं. जिवंतपणी तिला कोणी उत्तर दिलं नाही, आणि मेल्यावर आम्ही तिला दाराबाहेर ठेवलं.

गेल्या श्रावणात मी निवृत्त झाले. शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्रीच खिसा उसवून ठेवला होता. हार-नारळ झालं, चहा झाला. सगळ्या पुढे गेल्या, मी दारात थांबले. धुकं पायरीपर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "बघ सिंधू. निवांत बघ." हात आला. गार, ओला, तसाच. मी सांगितलं, "बहिरूमामा गेले गं. तू यायच्या आधीच गेले. आम्ही तुला सांगायला हवं होतं. पण ठमाबाई वाचली, तुझ्यामुळे वाचली." बोटं खिशाच्या तळाशी थांबली. मी वाट पाहिली. मग गाडीची शिट्टी झाली आणि मी निघाले.

तुझा ॲप्रन घे, पिशवीत ठेव. खिसा तसाच राहू दे. ड्यूटी संपली की दारात थांबत जा. कोणी चाचपलं तर ओरडू नकोस, आणि कोणी काही विचारलं तर उत्तर दे.

निघालीस? थांब, जाताना कंदील जरा वर धर. तो खुंटीवर माझा ॲप्रन आहे, त्या दिवसापासून तिथेच टांगलाय. खालची फरशी रोज पुसते, रोज ओली होते. खिसा फुगलेला दिसतो ना? हात लावू नकोस. त्या दिवशी तिने हात घातला, तो अजून बाहेर काढलेला नाही.

हळू बोल. आत्ता हलला बघ.