शेवट सांगणारा माणूस

कुणाचं पाकीट मारलं तर पोलीस पकडतात. पण पिक्चरचा शेवट आधीच सांगणाऱ्याला या देशात काहीही शिक्षा नाही. ही काय पद्धत झाली?

शहाण्णव सालची गोष्ट. सप्टेंबरचा शेवटचा दिवस, संध्याकाळची वेळ. नोएडात आमच्या सेक्टरच्या मार्केटमध्ये छाबडाजींची व्हिडिओ लायब्ररी होती आणि एका इंग्लिश हॉरर पिक्चरच्या कॅसेटसाठी मी तिथे तीन आठवडे खेटे घालत होते. डोंगरावरचा बंगला, बंद खोली आणि एकामागून एक मरणारी माणसं. पिक्चरचं नाव सांगत नाही, घेतलं की अजून डोकं फिरतं. त्या दिवशी छाबडाजींनी कॅसेट काउंटरवर ठेवली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मिळाली बाई एकदाची."

"अरे वा, मराठी?"

शेजारी एक उंच मुलगा उभा होता. चेहऱ्यावर असं हसू, की जणू आमची बालवाडीपासूनची ओळख. तोच ती कॅसेट परत करायला आला होता.

"मस्त पिक्चर आहे हा," तो म्हणाला. "शेवटी माळी निघतो."

"काय?"

"खुनी. माळीच असतो."

तीन आठवडे! बसमधून उतरून, ऑफिसची पर्स खांद्यावर घेऊन, रस्ताभर खोदून ठेवलेले खड्डे चुकवत तीन आठवडे मी आले होते, आणि या माणसानं तीन सेकंदांत सगळ्यावर पाणी ओतलं.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही पाहा तरी... मग बोलू."

"आता काय पाहू, कपाळ? आणि तुमच्याशी कशाला बोलू?"

कॅसेट काउंटरवरच टाकून मी तडक निघाले. छाबडाजी मागून "अरे बेटा, सुनो तो," म्हणत राहिले. मी काही सुनलं नाही.

आता आमच्या मंडळाबद्दल सांगायला हवं. आमची सोसायटी मराठी माणसांची. बाबांसारख्या केंद्र सरकारी नोकरांनी आणि काही निवृत्त फौजींनी मिळून बांधलेली. पहिल्या मजल्यावर अलकनंदाकाकू राहायच्या. तीस वर्षं कृषी भवनात फायली सांभाळून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि भुताच्या पिक्चरच्या माझ्याहून मोठ्या भक्त. दर ऑक्टोबरात त्यांच्याकडे रोज संध्याकाळी सहाला एक पिक्चर, असे एकतीस दिवस एकतीस पिक्चर. ऑक्टोबरच का, तर काकू म्हणायच्या, "नवरात्रात देवी जागी असते गं. भुतं पडद्याबाहेर यायची हिंमत करत नाहीत." पिक्चर झाला की चहा, आणि चहाबरोबर भांडण. तिसरे मेंबर दिनकरकाका, निवृत्त सुभेदार. सीमेवर गोळीबार पाहिलेला माणूस, पण पडद्यावर दार करकरलं की उशी तोंडावर घ्यायचा.

एक तारखेला सहाला मी काकूंकडे गेले, तर दिनकरकाकांच्या शेजारी तोच उभा.

"हा प्रतीक," काका म्हणाले. "आमच्या वरच्या खोलीत राहतो. कंप्युटर कंपनीत आहे. महिनाभर इथं, मग एक तारखेला पुण्याच्या ऑफिसात. पोराला भुताचं भारी वेड आहे, म्हटलं चल."

"काकू, हा माणूस शेवट सांगतो," मी म्हणाले.

काकूंचा चेहरा असा झाला, की जणू कुणी देवघरात चपला घालून आलं. लगेच ठराव झाला. प्रतीकनं दाराजवळ वेताच्या मोढ्यावर बसायचं, पिक्चर संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि शिक्षा म्हणून महिनाभर चहा त्यानंच करायचा.

"मंजूर," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. "आलं घालू की वेलची?"

"विष घाला," मी म्हणाले.

चहा चांगला करायचा, हे मान्य करावं लागेल. आणि ठरावही पाळायचा. पण चर्चा सुरू झाली की माझ्या प्रत्येक वाक्याला आडवा. माझं म्हणणं, भूत दाखवूच नये. दार हललं, पडदा हलला, बस. दिसलं की भीती संपली.

"म्हणजे दोन तास बसवायचं आणि भूत दाखवायचंच नाही?" तो म्हणायचा. "ही फसवणूक आहे यार."

"तुम्हाला सगळं ताटात वाढून लागतं."

"मला लागतं बुवा. जे आहे ते समोर दिसू दे. उगाच अंधारात का चाचपडायचं?"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे याच वाक्यावरून माझा किती संताप झाला ते कळेल.

आठवड्यात दोनदा तरी ऐन रंगात वीज जायची. सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्टला. मग आम्ही बाल्कनीत बसायचो. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर एक झाड होतं, ऑक्टोबरात त्याच्या फुलांचा वास इतका दाटायचा, की काकूंचं डोकं दुखायचं. मी दिल्लीत वाढलेली, मला त्याचं मराठी नाव माहीत नव्हतं. प्रतीकनं सांगितलं, "सातवीण." आणि म्हणाला, "त्याच्यावर भूत असतं म्हणतात. पण भांडकुदळ मुली दिसल्या की ते पळून जातं."

"मग तुमच्यासाठी तरी थांबायला हवं होतं त्यानं. जातवाले ना तुम्ही."

वीज येईपर्यंत आम्ही शेवट ओळखायचा खेळ खेळायचो. त्यात प्रतीकचं उत्तर हमखास चुकीचं. खुनी दिवसासारखा स्वच्छ दिसत असायचा आणि हा म्हणायचा, "मला त्या मांजरावर संशय आहे." इतका मोठा इंजिनिअर आणि अक्कल ही एवढीच, असं मला वाटायचं.

वीस तारखेला सोसायटीत भोंडला झाला. मध्ये पाटावर हत्ती, भोवती आम्ही मुली, आणि गाणी संपली की खिरापत ओळखायची. झाकलेला डबा हलवून दाखवायचा आणि आत काय ते सगळ्यांनी सांगायचं. त्या दिवशी डबा माझ्या आईचा, म्हणजे हेमलताबाईंचा. कोथिंबीरवड्यांचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला होता. प्रतीक पाट उचलायला मदतीला आला होता, आईनं कौतुकानं त्यालाच विचारलं.

त्यानं डबा कानाशी धरला, हलवला, डोळे मिटले. "श्रीखंड."

सगळ्या हसल्या. "मग बासुंदी," तो म्हणाला. "नाही? मग उसाचा रस."

मला लाज वाटली. म्हणजे, त्याचं हसं झालं तर मला का वाटावी? पण वाटली. बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हाला सर्दी झालीय का?"

"नाही. कोथिंबीरवडी आहे, दारातच कळलं." तो हळूच म्हणाला. "पण आमच्याकडे पहिल्या फटक्यात बरोबर ओळखलं तर आत्या रागवायची. डबा उघडला की खेळ संपला, मग सगळे आपापल्या घरी. माहीत असलं तरी आधी चुकीचंच सांगायचं... म्हणजे माणसं थोडी जास्त थांबतात."

बोलताना तो डब्याकडे बघत नव्हता. मी मात्र उगाच कोथिंबीरवडी खात राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला "तू" म्हणाले, तेसुद्धा "तू वेडा आहेस" असं.

दोन दिवसांनी एक पिक्चर चालू होता. एकदम शांत प्रसंग, बाई जिना उतरते आहे, आवाज म्हणून नाही. मी कधीच घाबरत नाही, अशी माझी सोसायटीभर ख्याती. आणि स्वयंपाकघरात काकूंच्या कुकरनं शिट्टी दिली. मी अशी किंचाळले, की दिनकरकाकांच्या हातून उशी पडली.

"सॉरी, सॉरी," दारातून प्रतीक म्हणाला. हातातल्या ट्रेमधला चहा त्यानं स्वतःच्याच शर्टावर सांडून घेतला होता. "मी ओरडलो. घाबरलो एकदम."

"बाईसारखा ओरडतोस की रे," काका म्हणाले.

"लहानपणापासून सवय आहे, काका."

मला राग यायला हवा होता. माझी किंकाळी, आणि ती यानं परस्पर स्वतःच्या नावावर घ्यायची? रात्री अंथरुणावर पडून मी रागावायचा खूप प्रयत्न केला. पण डोळ्यांसमोर तो चहानं भिजलेला शर्ट येत राहिला आणि मला रडू फुटलं. बावीस तारीख उलटली होती. एक तारखेला तो जाणार होता.

लपवून काय उपयोग, मला तो जायला नको होता. आणि हे मी सांगणार नव्हते. का सांगू? त्यानं सांगायला हवं होतं. मार्केटातून येताना तो माझ्याबरोबर मुद्दाम लांबच्या रस्त्यानं चालायचा, गेटपाशी रेंगाळायचा, म्हणायचा, "केतकी, एक सांगायचं होतं..." आणि मग? "उद्याचा पिक्चर कुणी निवडलाय?" मी तर खवळायचेच. ज्या माणसाला सगळं समोर दिसायला हवं असतं, जो अनोळखी मुलीला पिक्चरचा शेवट पहिल्याच भेटीत सांगतो, त्याला स्वतःच्या मनातलं एक वाक्य महिनाभर सांगता येऊ नये?

एकतीस तारखेला पिक्चर निवडायची पाळी माझी होती. छाबडाजींकडे गेले. चांगल्या सगळ्या कॅसेटी बाहेर गेलेल्या. त्यांनी तीच कॅसेट पुढे सरकवली. "ले जाओ बेटा. उस दिन भी छोड़ गई थी."

घेतली. म्हटलं, शेवटचाच दिवस, जाता जाता त्याला आपलं पाप दिसू दे.

सहाला पिक्चर लागला. काका उशी घेऊन तयार. प्रतीकनं पडद्यावर नाव पाहिलं आणि मोढ्यावरून उठून चहा करायला गेला. मी माळ्यावर डोळे रोखून बसले. म्हातारा, एक पाय ओढणारा, हातात कात्री. दिसतोच मेला खुनी, असं मनात म्हणते आहे, तोच तो माळी विहिरीवर वाकला, मागून कुणाचा तरी हात आला आणि माळी विहिरीत.

पुढच्या प्रसंगात त्याला पुरलंसुद्धा.

मी रिमोट उचलून पिक्चर थांबवला. मागे वळले. प्रतीक स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभा होता आणि पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

"माळी मेला," मी म्हणाले.

"हो."

"पंधराव्या मिनिटाला."

"सतराव्या."

"तू खोटं सांगितलंस?"

"अगं, काय झालं? लाव ना पुढे," काकू म्हणाल्या. मी रिमोट त्यांच्या हातात दिला आणि प्रतीकला दंडाला धरून बाल्कनीत नेलं. ट्रे त्याच्या हातातच होता.

"महिनाभर," मी म्हणाले, "महिनाभर मी तुला शिव्या घातल्या. पिक्चर पाहिला नाही. आईला सांगितलं, काकूंना सांगितलं, ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, की एक नालायक माणूस आहे. आणि तू गप्प चहा करत राहिलास?"

"मला काय माहीत तू पाहणारच नाहीस म्हणून?" आता तोही चिडला, आणि चिडलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहिला. "मला वाटलं, घरी जाऊन लावशील. सतराव्या मिनिटाला माळी मरेल. दुसऱ्या दिवशी तू मला शोधत येशील भांडायला, म्हणशील खोटारडा. मग मी म्हणणार होतो, चला, चहा घेऊन भांडू. सगळं ठरवलं होतं. तू कॅसेट टाकून गेलीस. मी रोज वाट पाहिली केतकी. एकतीस दिवस."

"मग सांगायचं ना, खोटं होतं म्हणून."

"सांगितलं असतं तर... तू माफ केलं असतंस, मंडळात बाकीच्यांसारखा एक झालो असतो. भांडत होतीस तोवर निदान माझ्याकडे बघत तरी होतीस." "डबा उघडला की खेळ संपतो, म्हटलं ना तुला."

सातविणीचा वास अंगावर येत होता. मला त्याला मारावंसं वाटत होतं आणि रडावंसंही वाटत होतं.

"उद्या जाणारेस तू," मी म्हणाले. "आता तरी उघड की मेल्या."

त्यानं ट्रे कठड्यावर ठेवला.

"मला तू आवडतेस. 'मिळाली बाई एकदाची' म्हणालीस ना, तेव्हापासून. पुण्याला पोचलो की आईला सांगणार आहे. दिवाळीला तिला घेऊन येतो, तुझ्या बाबांना भेटायला. म्हणजे... तू हो म्हणालीस तर."

"इतका उशीर लावतात का?" मी म्हणाले. "एक तारखेला सांगितलं असतंस तर एक अख्खा महिना मिळाला असता मला. तो कुठून भरून देणार आहेस?"

"म्हणजे हो?"

"हो. आणि वर खोटारडाही."

त्यानं माझा हात धरला. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "अगं या दोघं, खुनी कळला. सांगू का?"

"नको," आम्ही एकदमच ओरडलो.

दिवाळीला तो आला, आईला घेऊन. पुढचं सगळं रीतसर झालं. छाबडाजींची लायब्ररी तेव्हाच बंद पडली आणि ती कॅसेट पुन्हा कधी हाती लागली नाही. आज इतकी वर्षं झाली, दर ऑक्टोबरात मी त्याला विचारते, "खरं सांग, खुनी कोण होता?"

तो कपात चहा ओततो, विचार केल्यासारखं करतो. एका वर्षी पोस्टमन असतो, एका वर्षी स्वयंपाकीण, गेल्या वर्षी तर घोडा होता. मी दरवेळी भडकते, म्हणते, एकदा तरी खरं सांग की माणसा. आणि तो दरवेळी म्हणतो, "सांगेन की. इतकी काय घाई आहे?"