आत माणूस : एक

ही गोष्ट खरी आहे. जन्मभर खोट्या गोष्टी लिहून मी निवृत्त झालो, त्यामुळे फरक मला कळतो.

मंगळवार. दुपारचे पावणेचार. कागदाच्या रोलचं गोदाम. मी आणि माझी धाकटी बहीण.

तिचा नवरा, म्हणजे आमचे मेव्हणे, इथे एका रोबोच्या जोडीला काम करायचे. सगळे त्याला पैलवान म्हणत. पैलवान टनभराचा रोल वर धरायचा, मेव्हणे खाली शिरून पट्ट्या कापायचे. शिरण्याआधी त्याच्या दंडावर दोन थापा. थापा कळल्या की तो लोखंडी अडसर लावायचा, मगच हिरवा दिवा. सहा वर्षं असंच.

मागच्या महिन्यात रोल खाली आला.

गोदामाच्या साहेबांनी कागद पुढे सरकवला. ‘मयताने थापा दिल्या नाहीत.’

"सही करा ताई, प्रकरण मिटेल."

"ते विसरणारे नव्हते हो. घरी फ्रिज उघडतानाही दोन थापा मारायचे."

"माणूस चुकतो ताई. यंत्र चुकत नाही."

माझं टाळकं सरकलं. "मग साहेब, तुम्हीच शिरा की खाली!"

साहेब हसले. जागचे हलले मात्र नाहीत. "महिनाभर वीज तोडलीय त्याची."

तेवढ्यात...

थप्. थप्.

पैलवानाजवळ कोणीच नव्हतं.

हिरवा दिवा लागला. त्याच्या पडद्यावर अक्षरं उमटली...

‘आत माणूस : एक’.

मी वाकून पाहिलं. रिकामी फरशी.

बहीण पुढे झाली. "अहो...?"

खाडकन् अडसर आपोआप लागला.

साहेब पांढरेफटक. बोलून गेले, "पण अडसर तर आम्हीच बंद केला होता... दर खेपेला अकरा सेकंद जायचे..."

अकरा सेकंद!

"आणि हिरवा दिवा तेवढा चालू ठेवलात," मी ओरडलो. "शोभेला?"

त्या दिव्यावर विश्वास ठेवून माणूस खाली गेला होता. आणि वर चूकही त्याचीच!

बहिणीने कागद फाडला नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला. "हा आता माझ्याकडे राहील," म्हणाली.

पैलवान अजून तसाच उभा आहे. तीन इंजिनियर येऊन गेले. अडसर निघत नाही. तिघांचं म्हणणं एकच... आतला माणूस बाहेर आल्याशिवाय तो निघणार नाही.

हे मी बहिणीला सांगितलेलं नाही. ती तडक जाऊन त्यांना हाक मारील.

आणि ते आले तर...?