विहिणीचा आवाज

सांगलीतल्या एका रुग्णालयात प्रमिलाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. डोक्यावर सुती टोपी होती. तिच्या अस्तरातले संवेदक मेंदूतल्या हालचाली टिपत आणि ओळखीचा आवाज कानी पडला, की समोरच्या पडद्यावर प्रकाशाचे धागे उमटत. या यंत्राला सगळे ‘संबंधदर्शक’ म्हणत. पक्षाघाताने गेलेली वाचा, मेंदूत सर्वांत खोल रुजलेल्या आवाजाच्या आधाराने परत आणायची, अशी ही उपचारपद्धती होती.

“आई, मी निरंजन.” मुलाने पुन्हा हाक मारली. दोनचार धागे लुकलुकले आणि विझले.

तेवढ्यात डबा घेऊन शालनबाई आल्या. त्यांची मुलगी केतकी आणि निरंजन यांचा गेल्या वर्षी घटस्फोट झाला होता.

“आमटी आणलीय, विहीणबाई. मीठ चाखून बघितलंय हो! लग्नाच्या पंगतीत अळणी म्हणालात, ते विसरले नाही मी.”

पडदा उजळून निघाला.

“यांचा रुग्णाशी संबंध?” पडद्याजवळ उभ्या असलेल्या डॉ. मुजावरांनी विचारले.

“आता काही नाही,” निरंजन म्हणाला.

“तुमच्या आईंचा मेंदू तसं म्हणत नाही.”

शालनबाई ओशाळल्या. “आजारी पडेपर्यंत रोज मला फोन करायच्या. भांडायलाच.”

डॉक्टरांनी निरंजनला समजावले. प्रमिलाबाईंच्या तोंडून शब्द आला, की तो बरोबर की चूक, हे मुलाने सांगायचे. बरोबर ठरलेल्या शब्दाची मेंदूतली जोडणी कायमची पक्की होई; चुकीची ठरलेली विरून जाई, आणि तिला लागून असलेले धागेही.

शालनबाई खाटेजवळ बसल्या. “अहो, हा समोर उभा आहे तो कोण? सांगा बघू.”

प्रमिलाबाईंचे ओठ बराच वेळ थरथरले. मग त्या विहिणीकडे पाहून म्हणाल्या, “तुमचा... जावई.”

महिनाभरातला तो पहिला शब्द. शालनबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

“बरोबर की चूक?” डॉक्टरांनी हलकेच विचारले.

‘बरोबर’ म्हणावे, तर आई रोज सकाळी सुनेची वाट पाहणार. ‘चूक’ म्हणावे, तर या आवाजाचे, त्या भांडणांचे, कदाचित आमटीच्या चवीचेही धागे सुटणार. घटस्फोटानंतर शालनबाईंना कोणत्या नावाने हाक मारावी, हे निरंजनला कधी उमगले नव्हते. आज जुनीच हाक ओठांवर आली.

“आई,” तो म्हणाला, “काय सांगू मी?”

दोघींनीही मान वळवून त्याच्याकडे पाहिले.