मध्ये घुसवलेलं हसू

"मी त्या व्हिडिओवाल्याचा लॅपटॉपच तलावात बुडवणार आहे!" ठिणगीने उशी भिंतीवर आपटली.

"पण उशीने तुझं काय घोडं मारलंय?" तिचा धाकटा भाऊ ढब्बू म्हणाला.

सुट्टीतले पोहायचे बेत केव्हाच गेले होते चुलीत! त्यांची मावशी पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होती. रविवारच्या स्पर्धेत एक चिमुरडा गटांगळ्या खाऊ लागला, तेव्हा तिनेच उडी मारून त्याला वाचवलं. पण स्पर्धेच्या व्हिडिओत काय दिसत होतं? पोरगा बुडतोय. मावशी खो-खो हसतेय. पोरगा अजून बुडतोय! 'आधी हसत बसली, मग उडी मारली!' पालकांनी एकच गिल्ला केला आणि व्यवस्थापकांनी तिला तडकाफडकी घरी बसवलं. तिला एका शब्दाने विचारलं नाही, शहाण्यांनी! उद्याच्या सभेत तर तिला कायमचंच काढणार होते. मावशी चार दिवस धड जेवलीही नव्हती.

ठिणगीने व्हिडिओ पुन्हा लावला आणि एकदम ओरडली, "ढब्ब्या, दोऱ्या कुठायत?"

हसणाऱ्या मावशीच्या मागचं पाणी मोकळं होतं. पोरगा बुडत होता तिथे मात्र स्पर्धेच्या रांगा पाडणाऱ्या लाल दोऱ्या ताणलेल्या होत्या. त्या या दोघांनीच तर ओढून बांधल्या होत्या, हाताला फोड येईपर्यंत!

"अगं, म्हणजे ते हसू आधीचं आहे!" ढब्बू म्हणाला. "दोऱ्या बांधायच्या आधी मी पाण्यात धपकन आपटलो ना, तेव्हाचं!"

दोघं तडक स्पर्धेचा व्हिडिओ बनवणाऱ्या एडिटरकाकांच्या दुकानात जाऊन धडकली. "मावशीचं आधीचं हसू तिथे का घातलंत?"

"तिथे कॅमेरा हलला होता," काका खुर्चीतून न उठताच म्हणाले. "खराब भाग कापला की जोड दिसतो. मग मध्ये कुणाचातरी चेहरा टाकायचा. नेहमीचंच आहे, एवढं काय त्यात?"

"एवढं काय? तिची नोकरी चाललीये!" ठिणगी कडाडली. "कापलेला भाग दाखवा आधी!"

काकांनी तो लावला आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मावशी गर्दीतून जिवाच्या आकांताने धावत होती. कॅमेरा हलला होता तो तिचाच धक्का लागून! पुढच्याच क्षणी ती पाण्यात होती.

"चुकलो गं पोरी," काका पुटपुटले.

"मग आता आमच्यासाठी आणखी एक जोड लावा," ठिणगी दात-ओठ खात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सभेत पडद्यावर पोरगा बुडत होता. मग व्यवस्थापक दिसले, टाळ्या वाजवत तोंडभर हसताना! मग पुन्हा बुडणारा पोरगा. सभेत हलकल्लोळ माजला.

"साफ खोटं आहे हे!" व्यवस्थापक ताडकन उठले. "मी बक्षीस देताना हसत होतो!"

"माहितीये आम्हाला!" ठिणगी ओरडली. "तुम्हाला निदान बोलायला तरी मिळालं. मावशीला कुणी बोलू दिलं?"

मग ढब्बूने न कापलेलं चित्रण लावलं. मावशी धावताना आणि उडी मारताना सगळ्यांना दिसली.

"शाब्बास पोरांनो! डोळे उघडलेत आमचे," व्यवस्थापक घाम पुसत म्हणाले.

"माझ्याकडे काय बघताय? तिच्याकडे बघून बोला!" ठिणगीने कोपऱ्यात बसलेल्या मावशीकडे बोट दाखवलं.

व्यवस्थापकांनी सगळ्यांदेखत मावशीची माफी मागितली आणि तिला त्याच दिवशी कामावर बोलावलं. मागून त्या चिमुरड्याची आई पुढे आली. व्हिडिओ पाहून मावशीवर सगळ्यात मोठ्याने ओरडली होती ती हीच. तिने पोराचा हात मावशीच्या हातात दिला.

"याला पोहायला तुम्हीच शिकवा," ती म्हणाली.