बर्फातलं बोट

माणसं आधी नजर देतात, मग हात देतात. सरबतवालीच्या वाट्याला मात्र आधी शेजारच्या फ्रेमवाल्याची बोटं आली – दोन, आणि तीही हातापासून तुटलेली.

त्याचं तसबिरींच्या फ्रेमचं दुकान नुकतंच उघडलं होतं. दुकानदाराचा चेहराही तिनं नीट पाहिला नव्हता. त्या दुपारी तिथली करवत एकाएकी थांबली आणि कुणीतरी जनावरासारखं ओरडलं. मावशीला गल्ल्यावर सोडून ती धावली. तो जमिनीवर बसलेला, डावा हात छातीशी आवळलेला, सदरा लालभडक.

तर्जनी टेबलावरच पडली होती. ती तिनं ओल्या रुमालात गुंडाळली, पिशवीत घातली आणि पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवली. मधलं बोट भुशाखाली सापडलं, तेव्हा दवाखान्याची गाडी दारात येऊन थांबली होती. आता कुठला रुमाल न कुठली पिशवी! जितकं गार तितकं टिकेल, असं मनाशी म्हणत तिनं ते तसंच उघडं बर्फात खुपसलं.

गाडीत तो पांढऱ्याफटक ओठांनी म्हणाला, "सरबतवाल्या बाई... माझं सामान नीट धरलंय ना?"

"धरलंय. बोलू नका."

"बोललो नाही तर रडेन. मग तुमचीच पंचाईत."

तिला हसू आलं आणि त्या हसण्याची तिलाच भीती वाटली.

शस्त्रक्रिया फार लांबली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांभोवती भिंगाच्या चष्म्याचे वळ उमटले होते. फ्रेमवाल्याची आई पुढे झाली.

"केसाहून बारीक दोरा असतो, आजी. रक्त आणणारी वाहिनी शिवली, परत नेणाऱ्या शिराही शिवल्या. तर्जनी गुलाबी झाली. मधलं मात्र... कुणीतरी उघडंच बर्फात ठेवलं होतं. गारठ्यानं आतून करपलंय. टाके घातलेत, आता वाट बघायची." मग आवाज खाली आणत त्या म्हणाल्या, "हे त्याला सांगू नका. राग आला, धसका बसला की वाहिन्या आवळतात. शिवलेलं सगळं बंद पडेल."

आईनं सरबतवालीचा हात धरला. "देवानंच तुला धाडलं, पोरी."

काय करावं तिनं? खरं बोलावं तर त्याचं बोट जातं, गप्प राहावं तर आपला जीव जातो.

ती रोज जाऊ लागली. खोली भट्टीसारखी तापवलेली, हात उशीवर उंच टांगल्यासारखा. सिस्टर बोटांच्या टोकांना सुई टोचायच्या. तर्जनीतून लालचुटूक थेंब यायचा. मधल्यातून काळपट, दाटलेला – रक्त आत शिरत होतं, पण त्याला परतीची वाट नव्हती.

"आज उशीर केलात," तो म्हणायचा. "बोट गार पडलं ना माझं."

"बोटाला काय कळतंय, कोण आलं न कोण गेलं."

"बोटाला नसेल कळत..."

ती खिडकीकडे बघायची. गालावर ऊन आल्यासारखं व्हायचं, आणि लगेच ते काळपट बोट दिसायचं.

"तुम्ही नसता तर दोन्ही गेली असती," तो एकदा म्हणाला. ती उठली आणि बाहेरच्या नळाशी किती तरी वेळ उभी राहिली.

मधलं बोट जांभळं पडलं, मग काळं. शेवटी ते काढावं लागलं. तर्जनी आता धोक्याबाहेर आहे, असं डॉक्टरीणबाई ज्या दिवशी म्हणाल्या, त्याच दिवशी तिनं तोंड उघडलं.

"ते माझ्यामुळं गेलं. गुंडाळायला हवं होतं. मी उघडंच बर्फात घातलं."

त्यानं नजर छताकडे वळवली. "आणि इतके दिवस माझ्याकडून कौतुक ऐकून घेतलंत?"

"डॉक्टर म्हणाल्या होत्या, तुम्हाला सांगू –"

"जा तुम्ही."

ती गेली. दुकानात बर्फात हात घालायचा म्हटलं की तिची बोटं आखडायची. "तिसऱ्यांदा मीठ घातलंस," मावशी करवादली. "गिऱ्हाईकं काय समुद्र प्यायला येतात?"

अशाच एका रिकाम्या दुपारी तो समोर येऊन उभा राहिला. वाळलेला. त्यानं डावा हात गल्ल्याशेजारी ठेवला. सुजलेली, टाक्यांनी भरलेली तर्जनी, आणि तिच्याशेजारी नुसती जागा.

"डोळे मिटतो. बोटाला हात लावा. लावलात की सांगतो."

तिनं लावला. तो डोळे मिटून उभाच राहिला.

"लावा ना."

"लावलाय... मघाशीच."

त्यानं डोळे उघडून पाहिलं. तिचं बोट त्याच्या बोटावर होतं. तिचे डोळे भरून आले.

"रक्त लगेच येतं म्हणे," तो म्हणाला. "स्पर्श कळायला मात्र महिने लागतात. वर्षही लागेल. कुणीतरी रोज हात लावून बघायला हवा."

"आई आहेत की."

"तिला विचारलं. ती म्हणाली, हे काम माझं नाही."

मावशीला अचानक आतले ग्लास धुवायची आठवण झाली.

"राग गेला का?" तिनं विचारलं.

"नाही. आहे अजून." तो म्हणाला. "पण घरी एकट्यानं तो धरून बसवत नव्हतं."

तिनं पदरानं डोळे पुसले, ओला हात कोरडा केला आणि त्याचा हात जवळ ओढला.

"मिट डोळे," ती म्हणाली.