कोरं पीठ

वरचं दार लागलं का बघ गं, ऋचा. लागलं? मग सुमित, तो मोबाईल पालथा ठेव आणि इकडे सरकून बसा दोघं. मोठ्याने बोलायची गोष्ट नाही ही.

जेवताना तू कुमारला सहज विचारलंस, "कुमारदादा, इतकी वर्षं म्युनिकला आहात, स्की-लिफ्टजवळ एखादं सुट्टीचं घर का नाही घेतलंत?" आणि तो ताटावरून उठला. हात धुऊन वर झोपायला गेला. त्याच्या मागोमाग नंदिनीही गेली. तुला वाटलं, आपलं काही चुकलं. चुकलं नाही रे, फक्त खपली निघाली.

तुमचं दोघांचं दुपारपासून चाललंय. हिला स्टेशन जवळ हवं, तुला दारात लिफ्ट हवी. गार्मिश की ओबर्स्टडोर्फ? खाली घेतलं तर बर्फ टिकत नाही, वर घेतलं तर रस्ता बंद पडतो. कुमार-नंदिनीचंही असंच चालायचं. फरक इतकाच, की त्यांना दोघांनाही स्कीइंग येत नाही.

घडलेलं सांगतोय. कुमारने मला एकदाच सांगितलं, याच खोलीत. पुन्हा कधी विषय काढला नाही.

त्यांना एक मुलगा होता, उत्कर्ष. तुम्ही या देशात यायच्या आधीची गोष्ट, म्हणून तुम्हाला माहीत नाही. एकोणीस वर्षांचा, ताडमाड उंच. आईने मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर द्यायचा, आणि तिने डोळे वटारले की तेच मराठीत सांगायचा. दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत मित्रांबरोबर स्कीइंगला गेला. लिफ्ट बंद व्हायच्या वेळेला शेवटची एक फेरी म्हणून आखलेली वाट सोडून बाजूने उतरला. धुकं आलं. मित्र खाली पोचले, हा पोचला नाही.

सापडला एप्रिलमध्ये, बर्फ उतरल्यावर, एका ओढ्याच्या काठी. डाव्या पायात बूट नव्हता. थंडीने माणसाची शुद्ध हरपते ना, तेव्हा त्याला उकडायला लागतं म्हणे. त्यानेच काढला असेल. तो बूट काही मिळाला नाही.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत असेल, नसेल तर ऐका. माणूस गेला की जिथे तो शेवटचा होता तिथे दिवा लावतात. दिव्याजवळ तांदळाचं पीठ पसरतात, वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून पिठावर काय उमटलंय ते बघायचं. काही उमटलं की माणूस येऊन गेला, त्याला वाट सापडली, असं समजतात. कुमारच्या आईने पुण्याहून फोनवर सगळं सांगितलं. कुमारने म्युनिकच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरात, छताचा धुराचा अलार्म काढून ठेवून दिवा लावला. सकाळी टोपली उचलली, तर पीठ कोरं होतं, रात्री पसरलं तसंच्या तसं.

फोनवर म्हातारी बोलून गेली, "अरे, जिथून गेला तिथे ठेवायचं असतं. घरी कसा येईल तो?"

तिच्या मनात काही नव्हतं. पण ते वाक्य नंदिनीच्या काळजात रुतून बसलं. माझा मुलगा अजून त्या डोंगरावर आहे, त्याला घराची वाट सापडत नाही. बस. त्यानंतर ती दर शनिवारी एकटी गाडी घेऊन त्या लिफ्टच्या पार्किंगमध्ये जाऊन बसायला लागली. डिसेंबरात एका संध्याकाळी पोलिसांचा फोन आला. बंद झालेल्या उतारावर बाई ऑफिसच्या बुटांनी चढत होत्या, म्हणाले. कुमार तिला आणायला गेला तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. ती त्याला म्हणाली, "इथे एक घर घेऊ या. मग मला असं यावं लागणार नाही."

कुमारचं धाबं दणाणलं. पोरगा त्या डोंगराने घेतला होता, आता बायकोही घेणार, हे त्याला डोळ्यांनी दिसत होतं. नाही म्हणावं तर ती एकटी जाणार. म्हणून त्याने घर बघायला सुरुवात केली, पण ते खोरं सोडून सगळीकडे. गार्मिशला नेलं. बेर्श्तेसगाडनला नेलं. ओबर्स्टडोर्फला बाल्कनीतून अख्खी डोंगररांग दिसत होती. कुमार एजंट बाईपेक्षा जास्त कौतुक करत होता. नंदिनी बाल्कनीत गेली, सगळीकडे नजर फिरवली आणि आत आली. "इथे नाही," म्हणाली. प्रत्येक ठिकाणी तेवढंच म्हणायची.

शेवटी हरला बिचारा. त्या खोऱ्यातली एक जाहिरात तिनेच शोधली. जुन्या शेतघराचा वरचा मजला, लाकडी जिना, खिडकीसमोर तोच उतार. गावाचं नाव मी घेणार नाही, तुम्ही लगेच गूगल कराल.

तो दिवस होता एकवीस जानेवारी, दोन हजार तेवीस. शनिवार. पौष महिना, त्यात अमावास्या. पौषात आपण घराचं नाव काढत नाही आणि हे दोघं शनि-अमावास्येला घर बघायला निघाले. माझ्या आईने चपला लपवून ठेवल्या असत्या. पण जर्मनीत एजंटची वेळ मिळते तेव्हा जायचं असतं.

दुपारी पोचले. एजंट बाई घाईत होती. तिने खोल्या दाखवल्या, हीटिंग दाखवलं. बर्फ वाढतोय, मला पोरांना घ्यायला जायचंय, तुम्ही निवांत बघा, किल्ली खालच्या पेटीत टाका, म्हणाली आणि गेली. नंदिनी खिडकीपाशी उभी राहिली ती तिथून हललीच नाही. अंधार पडायला लागला तेव्हा कुमारने तिला जवळजवळ ओढत गाडीत बसवलं. गावाबाहेर पोचतात तो रस्त्यावर आडवा दांडा. वरून बर्फ घसरायचा धोका, रस्ता सकाळपर्यंत बंद. एजंटला फोन केला तर ती म्हणाली, "मग घरातच राहा की. किल्ली पेटीतून काढून घ्या, पांघरुणं कपाटात आहेत."

कुमार परत जिना चढला. नंदिनी त्याच्या पुढे होती, आणि तो म्हणतो, तिची पावलं किती हलकी पडत होती ते ऐकूनच मी घाबरलो.

वर गेल्यावर तिने पिशवी उघडली. तांदळाचं पीठ, निरांजन, वाती, तुपाची छोटी बाटली. आणि घरातली पाव ठेवायची वेताची टोपली.

"हे तू घरून आणलंस?"

"हो."

"नंदिनी, नको. माझं ऐक. नको करू हे."

"एक रात्र, कुमार. एकच. पीठ कोरं राहिलं तर मी पुन्हा या खोऱ्यात पाऊल टाकणार नाही. घराचं नाव काढणार नाही. तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येईन."

"आणि उमटलं तर?"

ती पीठ पसरत होती. बोटांनी कडा सारख्या करत होती, भाकरीचं पीठ सारखं करावं तशी. मान वर न करता म्हणाली, "उमटलं तर मी इथून हलणार नाही. तुला जायचं असेल तर तू जा."

झोपायची गोळी घेऊन ती तिथेच सोफ्यावर आडवी झाली. कुमार खुर्चीत बसून राहिला. देवाला फारसं न मानणारा माणूस, पण त्या रात्री त्याने हात जोडले. काय मागितलं असेल त्याने? विचार कर, सुमित. आपला मुलगा येऊ नये, असं मागितलं त्याने. बाळा, येऊ नकोस. तुझ्या आईला मला परत नेऊ दे.

बाहेर बर्फ पडत होता. बर्फाला आवाज नसतो. घर इतकं गप्प, की वात जळताना ऐकू येत होती.

किती वाजले होते, त्याला माहीत नाही. त्याने घड्याळ बघितलं नाही.

खाली दार वाजलं.

उघडल्याचा आवाज नाही. टेकल्याचा. मग थोडा वेळ काहीच नाही.

मग जिन्यावर… ठक.

स्कीचा बूट लाकडावर पडला की कसा वाजतो, तुम्हाला माहीत आहे. तसा. ठक. आणि मग नुसतं काहीतरी टेकल्यासारखं, ओलं, मऊ. मग पुन्हा ठक. मग ते मऊ…

एक पाय बुटातला. एक अनवाणी.

कुमार उठला नाही. उठता आलंच नाही त्याला. ठक. मऊ. ठक. आवाज वर आला. दाराशी आला. थांबला.

कोणी हाक मारली नाही. कोणी कडी वाजवली नाही. दाराच्या फटीतून गार वारा आला आणि दिव्याची ज्योत टोपलीकडे वाकली. तशीच वाकलेली राहिली. खोलीत वास आला. ओल्या लोकरीचा, आणि स्कीला लावतात त्या मेणाचा. उत्कर्ष बाहेरून आला की घरभर यायचा, तो.

मग ज्योत सरळ झाली.

नंदिनी झोपेत कूस बदलून पुन्हा शांत झाली. कुमार जमिनीवरून सरकत टोपलीपाशी गेला. बघायचं नव्हतं त्याला. पण टोपली उचलली.

पिठावर पाऊल होतं.

डाव्या पायाचं. अनवाणी. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. नंदिनीची बोटं तशीच. पोरगा झाला तेव्हा तिने हसून दाखवलं होतं, बघ, पाय माझे आहेत. टाचेच्या जागी पाण्याचे दोन थेंब होते. अजून पिठात जिरले नव्हते.

कुमार त्या पावलाकडे बघत राहिला. मग सोफ्यावरच्या बायकोकडे बघितलं. तिच्या छातीवरचं पांघरूण वरखाली होत होतं. जिवंत होती ती. तेवढी एकच राहिली होती त्याची.

त्याने तळहात ठेवला. आणि पुसलं.

मला सांगताना हा हात असा पुढे धरला होता त्याने. म्हणाला, "काका, पोराला आंघोळ घालताना तोच पाय मी धुतलाय. त्याच हाताने पुसला मी."

पीठ सारखं केलं. कडा सारख्या केल्या. टोपली झाकली. आणि तेव्हा दाराबाहेर… अगदी हळू… कोणीतरी उसासा टाकला. उशिरा घरी आलेल्या पोराला आतून कडी लागलेली दिसावी, तसा.

त्याने दार उघडलं नाही.

उजाडेपर्यंत तो कान देऊन बसला. पावलं जिना उतरून जातील, मग संपलं सगळं, म्हणून.

पावलं उतरली नाहीत.

सकाळी नंदिनीने टोपली उचलली. पीठ कोरं. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिची नजर कुमारच्या उजव्या हाताकडे गेली. नखांत पांढरं होतं. कुमारने मूठ मिटली. तिला समजलं की नाही, हे त्याला आजही माहीत नाही. ती रडली नाही, भांडली नाही. पीठ पिशवीत भरलं, दिवा पुसला, आणि म्हणाली, "चल. घरी जाऊ."

तिने दार उघडलं. जिन्यावर कोणी नव्हतं. उतरताना ती मात्र कडेकडेने उतरली, शेजारी जागा ठेवून.

रस्ता मोकळा झाला होता. कुमारने गाडी काढली. दांड्याची जागा ओलांडली, आणि गाडीत आवाज सुरू झाला. टिंग, टिंग, टिंग. मागच्या डाव्या सीटवर कोणी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही, अशी खूण समोर लाल दिसत होती. कुमारने गाडी बाजूला घेतली. मागे वळून बघितलं. सीट रिकामी. पिशवी डिकीत होती, कोटसुद्धा डिकीत होते.

उत्कर्ष लहानपणापासून त्याच जागी बसायचा. आणि पट्टा लावायला कायम विसरायचा.

टिंग, टिंग, टिंग.

नंदिनीने वळून मागे हात लांब केला, पट्टा ओढला आणि खट्ट करून लावला. आवाज थांबला.

मग ती पुढे तोंड करून नीट बसली. कित्येक महिन्यांनी, कुमार म्हणतो, तिचा चेहरा तिचा दिसला. म्हणाली, "हळू चालव."

त्या दिवशी घरी जाऊन ती पोटभर जेवली. डोंगराकडे पुन्हा गेली नाही, घर बघायलाही नाही. कुमारला हवं होतं ते मिळालं. मग जेवणावरून का उठतो तो? ते दार त्याने उघडलं नाही, म्हणून. रात्री जिन्यात जरा लाकूड वाजलं की अजून उठून बसतो.

गाडी तीच आहे. गॅरेजमध्ये दाखवली होती त्याने. त्यांनी सगळं तपासलं, बिघाड सापडला नाही. सीटवर वजन असल्याशिवाय वाजत नाही, म्हणाले.

तुम्ही आज म्युनिकहून त्याच गाडीतून आलात. मघाशी तूच कुरकुरत होतास, सुमित, की एवढी मोठी गाडी आणि तुम्ही दोघं मांडीवर बॅगा घेऊन एका बाजूला चेपून बसलात. डावीकडचा पट्टा रिकाम्या सीटवर लावलेला होता. तू तो काढायला गेलास आणि नंदिनी म्हणाली, "राहू दे."

उद्या परत जाताना तसेच बसा.