फ्रीजशेजारची खुर्ची

अपडेट काल दुपारी सव्वा वाजता झालं होतं आणि ते ताईनंच केलं होतं, त्यामुळे आज दोष द्यायला दुसरं कोणी सापडत नव्हतं. रुग्णालयात सगळे तिला सिस्टमवाल्या ताई म्हणत. एरवी ती तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या टेबलावरूनच सगळ्या यंत्रांचे कान पिळायची. आज मात्र तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत, काचेच्या पार्टिशनमागच्या खोलीत, खुद्द यंत्रासमोर येऊन बसावं लागलं होतं.

खोलीत लिनक्सवर चालणारा जुना सर्व्हर, नमुन्यांचा फ्रीज आणि दोन खुर्च्या. एक स्क्रीनसमोर, दुसरी फ्रीजला खेटून, हिरव्या उशीची. फ्रीजचं दार नीट लागत नसे. ताई आधी त्या हिरव्या उशीवरच टेकली होती, पण दोन मिनिटांत गार झोतानं डावा कान बधिर झाला, तशी उठली.

चौथ्या मजल्यावर एक शिंपीणबाई होत्या. सहा वर्षं त्या ज्या मूत्रपिंडाची वाट पाहत होत्या, ते आज सकाळी आलं होतं. ते त्यांना जुळतं का, हे सांगणारा प्रोग्रॅम याच सर्व्हरवर होता. चार वाजेपर्यंत उत्तर गेलं नाही, तर बर्फाची पेटी दुसऱ्या शहरातल्या रुग्णाकडे रवाना होणार होती. बारा चाळीस झाले होते आणि प्रोग्रॅम उघडायलाच तयार नव्हता.

"चूक माझी आहे," ताईनं प्रयोगशाळेच्या बाईंना आल्या आल्या सांगून टाकलं. बाई वयानं मोठ्या, तीस वर्षं नळ्या हाताळलेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मग निस्तरा. मी रक्त तयार ठेवते."

चूक साधी होती. लिनक्सवर प्रत्येक पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचा एकेक गठ्ठा, दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर चालतं, ते तिसऱ्याच्या. एकाला जी लायब्ररी, म्हणजे सामाईक कोडचा साठा, जुनी हवी, तीच दुसऱ्याला नवी हवी असली की दोघांचं बिनसतं, आणि त्यांच्यावर विसंबलेले सगळेच आडवे पडतात. म्हणून जुन्या सरांनी, तिच्या आधीच्या सिस्टमवाल्यांनी, काम सोपवताना एकच नियम घालून दिला होता. अपडेटच्या वेळी यंत्र जी जी पॅकेजं काढणार म्हणतं, त्यांची यादी मोठ्यानं वाचायची, एकेक नाव, आणि मगच होय म्हणायचं. काल ताईला भूक लागली होती. तिनं न वाचताच होय म्हटलं.

एकोणीस पॅकेजं मोडली होती. ताईनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचली आणि कामाला लागली. नव्या लायब्ररीशेजारी जुनीला वेगळी जागा दिली. ज्याला जुनी हवी त्याला तिथला पत्ता दिला, बाकीच्यांना नवीवर राहू दिलं. दीड वाजता चौदा उरली. दोनला सहा. खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. एक गाठ सुटली की पुढच्या दोन आपोआप सैल व्हायच्या, आणि तिची बोटं तिच्याही पुढं धावत होती. अडीच वाजता एकच उरलं.

त्याचं नाव होतं 'सोबत'. लिपी परकी, शब्द आपला. आत एकही फाइल नव्हती, आकार शून्य. तरी जुळणीचा प्रोग्रॅम त्याच्यावाचून हलत नव्हता. आणि 'सोबत'ला स्वतःला एकच गोष्ट हवी होती, 'बसणारा', जी आता यंत्रावर नव्हती. ताईनं कालची नोंद उघडली. दुपारी सव्वा वाजता काढलेल्या यादीत शेवटून दुसरं, 'बसणारा'. तेही रिकामंच. देखभाल करणाऱ्याच्या जागी जुन्या सरांचं नाव.

यात नवल नव्हतं. यंत्र फारच हट्टाला पेटलं की सिस्टमवाले असला रिकामा खोका बनवतात. वर चिठ्ठी लावतात, हवं ते इथं आहे, आणि यंत्राची समजूत पटते. पण अशी चिठ्ठी कुणी का लावावी, ते ताईला कळेना.

बाई काचेपलीकडून डोकावल्या. "तुमचे सर आज नाही आले?"

"कुठले सर?"

"तेच, त्या खुर्चीत बसतात ते. बोलत नाहीत, पण असतात. काल जेवणाच्या सुट्टीपासून दिसले नाहीत."

"बाई, ते तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेले."

"सोडली असेल हो," बाई नळीवरचं लेबल पुसत म्हणाल्या. "बसतात मात्र रोज."

तीन वाजले होते. ताईनं जुन्या सरांना फोन लावला. ते लांबच्या शहरात दुसऱ्या नोकरीत होते. त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"काढलंत ना तुम्ही ते?"

"यादी वाचली नाही, सर. चुकलं."

"काल सव्वा वाजता माझा डावा कान गरम झाला," ते म्हणाले. "तीन वर्षांनी. रात्री पोटभर झोपलो."

"वेळ नाहीये, सर. तुमच्या नावानं परत बसवू?"

"माझ्या नको. हात जोडतो."

"मग रिकामं ठेवते."

"मीही ठेवून पाहिलं होतं. कुणीतरी लागतं."

ताईनं तरी रिकामं ठेवून पाहिलं. मग एक खोटंच नाव टाकलं. दोन्ही वेळा यंत्रानं तेच ऐकवलं, बसणारा नाही.

तीन वीस. डॉक्टरांचा फोन येऊन गेला. पेटी न्यायला गाडी दारात उभी होती.

ताईनं आपलं नाव टाकलं.

मग तिनं यादी मोठ्यानं वाचली. काढायचं काही नाही. बसवायचं एक.

तिनं होय म्हटलं.

जुळणीचा प्रोग्रॅम उघडला. असा उघडला, जसं काही झालंच नव्हतं. बाई धावत आल्या, आकडे आत गेले, आणि तीन शेहेचाळीसला उत्तर आलं. जुळतं, आणि उत्तम जुळतं. बाईंनी हातमोजे न काढताच तिला मिठी मारली. डॉक्टरांनी फोनवर तिचं नाव विचारून घेतलं. दारातली गाडी रिकामी परत गेली, आणि शिंपीणबाईंना घेऊन स्ट्रेचर शस्त्रक्रियेच्या खोलीकडे निघालं. ताई ते बघायला मुद्दाम चौथ्या मजल्यावर गेली. शिंपीणबाईंनी तिला ओळखलं नाही, तरी हात हलवला. इतका आनंद तिला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

ती पाच वाजता बाहेर पडली, लख्ख उन्हातून चालत घरी आली. सगळी हकिगत आईला दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा जरा तिखटमीठ लावून. आईनं चहा पुढं ठेवला. "माझी लेक ती," आई म्हणाली, आणि ताईला ते पुन्हा ऐकावंसं वाटलं.

साडेआठला बाईंचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं. "नवं मूत्रपिंड टेबलावरच कामाला लागलं. डॉक्टर म्हणाले, असं पटकन क्वचित होतं. तुम्ही वाचवलंत त्यांना, ताई."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते येऊ दिलं.

"पण आता पुरे झालं," बाई पुढं म्हणाल्या. "घरी जा. मघापासून काचेवर टकटक करतेय, तुम्ही वळूनही बघत नाही. म्हणून फोन केला. त्या फ्रीजपाशी काय बसलाय गारठत? मी निघते. लाइट घालवू, की राहू दे?"

ताईनं चहाचा कप खाली ठेवला. स्वयंपाकघरात आई भांडी लावत होती.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि फोन उजव्या कानाला लावला. डाव्यानं आता नीट ऐकू येत नव्हतं.